खुलासा: हँडेल आणि हेंड्रिक्स एका घरात राहत नव्हते

‘लंडनच्या एकाच घरात आधी अठराव्या शतकातला संगीतकार हँडेल, मग दोनशे वर्षांनी रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स राहिला’ असं सर्रास फिरतं. ते तसं नाही. मेफेअरमधल्या ब्रुक स्ट्रीटवरची ही दोन घरं आहेत, 23 आणि 25. रस्त्याच्या या बाजूला विषम क्रमांक असल्याने 24 क्रमांकाचं घर दोघांच्या मधे येत नाही, घरं थेट लागून आहेत.

हँडेल 25मध्ये 1723 ते 1759, म्हणजे मरेपर्यंत, राहिला. घर तेव्हा नवं कोरं होतं आणि तो त्याचा पहिला भाडेकरू. गायक आणि वाद्यवृंदासाठीचं त्याचं धार्मिक संगीत ‘मसाया’ 1741मध्ये इथेच लिहिलं गेलं. हेंड्रिक्स 1968-69मध्ये 23च्या वरच्या मजल्यावर होता. गंमत म्हणजे त्याचाही समज आपण हँडेलच्याच घरात राहतो असा होता!

गोंधळाचं कारण सरळ आहे. दोन्ही घरं एकाच ओळीत उभी राहिलेली. मांडणीही त्या काळच्या ठरीव पद्धतीची: अरुंद दर्शनी बाजू, प्रत्येक मजल्यावर पुढे मोठी खोली, मागे लहान, तिला लागून चिमुकलं दालन, आणि कडेने जिना. 25च्या पहिल्या मजल्यावर पुढच्या खोलीत हँडेलच्या संगीताच्या तालमी चालत. दोन घरांमध्ये सामाईक भिंत असते, ती विटांचीच हवी असा दंडक लंडनमधल्या 1666च्या मोठ्या आगीनंतर आला. आता दोन्हीकडचे मजले मिळून एकच संग्रहालय आहे, त्यामुळे पाहुण्याला भिंत कधी ओलांडली ते कळतही नाही. बाहेर मात्र इथे कोण राहत होतं ते सांगणाऱ्या निळ्या स्मृतिपाट्या दोन आहेत, एकेका घरावर एकेक.