‘मसाला मुरलाच नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, काळ्या मसाल्याची कोंबडी तुम्ही करून पाहिलीत आणि जे पटलं नाही ते आडपडदा न ठेवता लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन. कोंबडी रात्रभर मुरवायला मी सांगितलं नाही, म्हणून पीस आतून फिके लागले. आणि रस्सा कडसर झाला, तेव्हा ही नाशिककडची पद्धतच कडू. दोन्ही मला मान्य नाहीत.

आधी मुरवण्याचं. मांसात आतवर शिरतं ते मीठ. मिरची, गरम मसाला, आलं-लसूण रात्रभर चोळून ठेवलं तरी वरवरच राहतं. दह्यात फार वेळ ठेवलं तर ब्रॉयलरचं मांस वरून पिठूळ होतं, ते वेगळंच. म्हणून मी तासभर आधी फक्त हळद-मीठ लावायला सांगते. किलोला 10 ते 12 ग्रॅम मीठ, म्हणजे दोन सपाट छोटे चमचे. तुम्ही मीठ शेवटी रश्श्यात घातलंत असं लिहिलंय. पीस फिके राहिले ते तिथेच. उकळत्या रश्श्यात मीठ घालून रस्सा चवीला येतो, पीस तेवढ्या वेळात येत नाहीत.

हळद-मीठ लावलेले पीस थोड्या तेल-कांद्यावर घालून वर ताट ठेवायचं आणि ताटात पाणी ओतायचं. आई-आजीची ही रीत कुणी सोडू नये. कोंबडीला तिचंच पाणी सुटतं आणि पीस त्यातच शिजतात. ताटातलं पाणी तापतं, ते रश्श्याला वापरायचं. गार पाणी ओतून उकळी मोडायची नाही.

आता कडूपणा. वाटण ‘काळंकुट्ट होईपर्यंत’ परतलं, हे तुमचेच शब्द. करपलं की कडू लागणारच, मग पद्धत नाशिकची असो की आणखी कुठली. कांदे सालासकट थेट जाळावर ठेवा. साल जळून कोळसा होऊ द्या, आतला कांदा मऊ पडून कडेनं रस फुटू लागला की उतरवा. गार झाल्यावर साल काढून टाका. आतला गर तपकिरी, गोडसर आणि धुरकट वासाचा हवा. आमच्याकडे निफाड-लासलगावच्या कांदाचाळीत साठवलेला उन्हाळ कांदा मिळतो, तो यासाठी उत्तम. पावसाळ्यानंतरच्या लाल कांद्यात पाणी जास्त, त्याला वेळ द्यावा लागतो. सुकं खोबरं वेगळं भाजा, खरपूस तांबूस झालं की थांबा. खोबऱ्याच्या कडा फार लवकर जळतात आणि तेवढ्यानं सगळं वाटण कडू होतं. आधी चाखूनही पाहा, खवट खोबऱ्याला कुठलाच मसाला झाकू शकत नाही.

मसालाही घरी केला असेल तर प्रत्येक जिन्नस वेगळा भाजलात का? धण्यांना वेळ लागतो, दगडफूल आणि खसखस क्षणात करपतात. सगळं एकाच कढईत टाकलं की काहीतरी कच्चं आणि काहीतरी जळकं, हे ठरलेलं. वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, काळा मसाला त्यानंतर घाला आणि लगेच गरम पाणी. कडकडीत तेलात कोरडा मसाला पडला की संपलंच.

ढाब्याची चव घरी येत नाही असंही तुम्ही म्हणता. ढाब्यावर तेलाचा हात सैल असतो, म्हणून तर्री तशी दिसते. चव मात्र या भाजण्यातच आहे आणि ते घरच्या गॅसवर नीट होतं.

एक लिहायचं राहिलं तुमच्याकडून: कोंबडी कोणती होती? ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांची असते. वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, पुढे छातीचे पीस चोथा होतात. गावरानला तास-दीड तास लागतो किंवा कुकर. ते कळवा, म्हणजे पाणी आणि वेळ त्या हिशेबानं सांगता येईल.