दहा गोळ्या नव्हे, तीन टन मागवा

अमली पदार्थांविरुद्धच्या शासकीय लढ्याची झळ आपल्या घराला लागू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी सर्वप्रथम मागणी मोठी ठेवावी. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरात इराणमार्गे आलेल्या शंखजिऱ्याच्या दगडांत जवळजवळ ३,००० किलो हेरॉइन सापडले, आणि पुढच्याच वर्षी न्हावाशेव्याला ते ज्येष्ठमधाला चोपडून आले. दोन्ही साठे पकडले गेले, त्याबद्दल पकडणाऱ्यांचे अभिनंदनच. पण कागदोपत्री माल कसा सोज्वळ असावा, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरे, कर्करोग होऊ देऊ नये. झालाच, तर तो दुखू देऊ नये.

तिसरी सूचना अनुभवाची आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या आत्याला मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या जालीम वेदनाशामकाच्या, गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा पहिल्या औषधविक्रेत्याने चिठ्ठी हातातही घेतली नाही, दुसऱ्याने "ही भानगड आम्ही ठेवत नाही" असे सांगितले, आणि तिसऱ्याने माझ्या डोळ्यांकडे असे निरखून पाहिले की, आपण नशेत तर नाही ना, अशी मलाच शंका आली. अखेर दूरच्या एका मोठ्या रुग्णालयात पोहोचलो, तर तेथे रुग्णालाच घेऊन येण्यास सांगण्यात आले. जी बाई कुशीवर वळताना किंचाळते, तिला म्हणे गाडीत घालून आणा! अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा कायदा आल्यानंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला, आणि तस्कर मात्र आपापल्या कामावर हजर राहिले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मॉर्फिनसारख्या औषधांसाठीच्या परवान्यांचे जंजाळ कमी केले गेले. ही दुरुस्ती आमच्या जिल्ह्यात अद्याप पोहोचलेली नाही. बहुधा तिला कंटेनर मिळाला नसावा.

औषधविक्रेत्याला मी बोल लावणार नाही, कारण नोंदवहीत एका गोळीचा हिशेब चुकला तर पोलीस दारात येतील, ही भीती त्याला, मायबाप सरकार, तुम्हीच घातली आहे. दर २६ जूनला शाळकरी मुलांना उन्हात उभे करून नशामुक्तीची शपथ देता, जप्त मालाच्या ढिगामागे उभे राहून छायाचित्रे काढून घेता, आणि तुमच्याच जिल्हा रुग्णालयात मरणाऱ्या माणसाला द्यायला एक गोळी नसते, याची तुम्हाला लाज वाटत नाही? अफू आपल्याच देशात, मंदसौर-नीमचच्या शेतांत, सरकारी परवान्याने पिकते, आणि तिच्यातून मॉर्फिन काढणारा कारखानाही नीमचलाच आहे, तोही सरकारी. तिथून आमच्या गावापर्यंत कोणत्या देशाची सीमा लागते, तेवढे सांगा.