'टाका हिंडलग्याला!'

कुठं चाकू निघाला आणि त्यात सतरा वर्षांचं पोरगं सापडलं, की आपल्या बेळगावच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: 'टाका हिंडलग्याला, अक्कल येईल.' हिंडलगा म्हणजे आपला मध्यवर्ती तुरुंग. पुण्याच्या पोर्शे प्रकरणात दोन जीव गेले आणि बालन्याय मंडळानं अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हापासून तर बालन्याय कायद्याची चेष्टाच झालीय. राग मलाही आला होता. म्हणून पोरांना मोठ्यांच्या तुरुंगात कोंबायचं?

२०१५चा कायदा वाटतो तितका मऊ नाही. सोळा ते अठरामधल्या पोरावर किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर मंडळ प्राथमिक तपासणी करून त्याचा खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. शिक्षा लागली तरी एकविसापर्यंत वेगळ्या जागी ठेवायचं, तुरुंग झालाच तर त्यानंतर. फाशी नाहीच. आणि लॉकअप? कलम १० म्हणतं, एका रात्रीसाठीही नाही. २४ तासांत मंडळापुढं उभं करा.

माझं दुखणं वेगळंच आहे. हे सगळं अठराच्या आतल्याला, आणि वय ठरतं कागदावर. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आता आपले कागद बघा की! खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांची जुनी रजिस्टरं उघडा, अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला. गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीनं घातलेली तारीख ती. कुणी शिकला चंदगडात, राहतो बेळगावात. ऊसतोडीवरच्या पोरांचा दाखला कुठल्या गावी राहिला, ते बापालाही आठवत नाही. ठाण्यात वय विचारलं की घाबरलेलं पोरगं 'एकोणीस असेल' म्हणतं, आणि बाप कन्नड कागदावर मुकाट्यानं अंगठा उठवतो.

१९९४च्या पुण्यातल्या हत्याकांडात फाशी सुनावलेला एक जण गुन्ह्यावेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ साली मान्य केलं, तेही राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यावरून. तोवर २८ वर्षं आत गेली होती.

तेव्हा पोरगं उचललं असेल तर वकिलाबरोबरच दाखला शोधा. झेरॉक्स द्या, मूळ प्रत जपा, पोच घ्या. निकाल लागून गेला असला तरी कलम ९नुसार वयाचा मुद्दा काढता येतो. आणि बंद पडलेल्या मराठी शाळांची रजिस्टरं कुठल्या कपाटात पडलीत, हे बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात जाऊन विचारणारं कुणी आहे का आपल्यात? मी यायला तयार आहे.