‘वासुकी’च्या सांगाड्याविषयी खुलासा

‘कच्छमध्ये समुद्रमंथनातील वासुकीचा पन्नास फुटी अखंड सांगाडा सापडला’ हा संदेश अजूनही फिरत असल्याने वस्तुस्थिती नमूद करणे आवश्यक आहे.

कच्छमधील पानंध्रो येथील लिग्नाइट खाणीत 2005 साली मिळाले ते केवळ 27 मणके. कवटी नाही, दात नाहीत. आरंभी ते मगरीचे असावेत असाच समज होता. पुढे आयआयटी रुरकीचे देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी, 11 सेंटिमीटरपर्यंत रुंद असलेल्या या मणक्यांचा आकार, त्यांचे सांधे आणि त्यांवरील उंचवटे ज्ञात सर्पांशी ताडून पाहिले व हा मॅडत्सोइडी या नामशेष कुळातील निराळा सर्प असल्याचा निष्कर्ष एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध केला. लांबी कोणी टेप लावून मोजलेली नाही. मणक्यांच्या रुंदीवरून दोन पद्धतींनी काढलेला तो अंदाज असून तो सुमारे 11 ते 15 मीटर असा पसरलेला आहे. संदेशात त्यातला फक्त वरचा आकडा उचलला गेला, हे ओघानेच आले!

राहिला प्रश्न नावाचा. नव्या प्रजातीचे नाव तिचे वर्णन करणारे संशोधक ठरवतात, आणि ‘वासुकी इंडिकस’ हे नाव त्यांनी पुराणातील नागराजावरून घेतले. त्यामुळे पुराणकथेला पुरावा मिळत नाही. हे जीवाश्म सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि तेव्हा पृथ्वीवर मनुष्यप्राणी नव्हता.