चिनी गाड्यांच्या यशाचे श्रेय नेमके कोणाचे?

चीनच्या बाजारात स्वदेशी ब्रँडनी परदेशी भागीदारीतल्या गाड्यांना मागे टाकले, याचे श्रेय अनेक अभ्यासू मंडळी संयुक्त कंपन्यांच्या जुन्या धोरणाला देतात. परदेशी कंपनीला निम्म्याहून जास्त हिस्सा द्यायचा नाही, बाजारपेठ देऊन तंत्रज्ञान मिळवायचे, असे ते धोरण. मला हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होत आहे असे ठामपणे वाटते.

१९८४ साली शांघायमध्ये फोक्सवॅगनबरोबर करार झाला, तेव्हा तिथे जुळणी होणाऱ्या सँटाना गाडीमध्ये स्थानिक म्हणावेत असे भाग टायर, रेडिओ आणि अँटेना एवढेच होते. पुढे सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, अभियंत्यांची पिढी तयार झाली, आणि हे काम खरोखर मोलाचे होते. पण इंजिन कोणते, गिअरबॉक्स कोणता, नवे मॉडेल कधी, हे परदेशातल्या मुख्यालयातच ठरत राहिले, आणि नफ्याचा निम्मा वाटा आपसूक मिळत असल्यामुळे सरकारी भागीदारांना स्वतःचा ब्रँड घडवण्याची निकड उरली नाही. चीनचे यंत्रोद्योग खात्याचे माजी मंत्री ‘हे ग्वांगयुआन’ यांनी २०१२ मध्ये या व्यवस्थेला अफूच्या व्यसनाची उपमा दिली होती, ती मला अचूक वाटते.

बाजी मारली ती मुख्यतः या व्यवस्थेबाहेर वाढलेल्यांनी. बीवायडी १९९५ मध्ये शेन्झेनमध्ये बॅटऱ्या बनवण्यासाठी सुरू झाली आणि २००३ मध्ये गाड्यांकडे वळली. जीली ही खासगी कंपनी, तिने २०१० मध्ये व्होल्वोची मोटार कंपनीच विकत घेतली. विजेच्या गाड्यांना वर्षानुवर्षे मिळालेले सरकारी अनुदान यात मोठे होते, हेही मान्य करायला हवे. मात्र ते अनुदान संयुक्त कंपन्यांच्या विजेच्या गाड्यांनाही खुले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बीवायडीने किन प्लस ही पेट्रोलवर आणि बाहेरून चार्ज करता येणाऱ्या बॅटरीवर चालणारी हायब्रिड सेडान ७९,८०० युआनपासून विकायला काढली, तेव्हा फोक्सवॅगनची लाविडा किंवा निस्सानची सिल्फी अशी संयुक्त कंपनीची पेट्रोल सेडान घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाचा हिशेबच बदलला. २०२० मध्ये प्रवासी गाड्यांच्या विक्रीत चाळीस टक्क्यांच्या आत असलेला स्वदेशी ब्रँडचा वाटा २०२४ मध्ये साठ टक्क्यांच्या पुढे गेला.

आता शिकवणारा आणि शिकणारा यांच्या जागा बदलल्या आहेत. फोक्सवॅगनने २०२३ मध्ये एक्सपेंग या विजेच्या गाड्या बनवणाऱ्या चिनी कंपनीत सुमारे ७० कोटी डॉलर गुंतवण्याचा करार केला तो तिच्याबरोबर गाड्या विकसित करण्यासाठी, आणि टोयोटाच्या तिथल्या बीझेड३ या विजेच्या गाडीमध्ये बॅटरी बीवायडीची आहे. मित्सुबिशीने तर त्याच वर्षी चीनमधले उत्पादन बंद केले.

तरीही स्वदेशी कंपन्यांचे सगळेच मला पटत नाही. किमतींच्या चढाओढीचा भार त्यांनी पुरवठादारांवर टाकला, बिले महिनोन्महिने थकवली. सरकारचा दबाव वाढल्यावर जून २०२५ मध्ये बड्या कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे देण्याचे जाहीर केले. ही मुदत छोट्या कारखानदारापर्यंत खरोखर पाळली जाते का, याकडे मी विक्रीच्या आकड्यांपेक्षा अधिक बारकाईने पाहणार आहे.