आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? फ्रीबीएसडी डेस्कटॉपवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार,

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर डेस्कटॉप उभा करण्याच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिलीत, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजच्या काळात कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, स्टार्टएक्स ही ग्राफिकल पडदा सुरू करणारी आज्ञा टाइप करायला लावणं म्हणजे लोकांना उगाच पिडणं. घोस्टबीएसडी ही डेस्कटॉपसकटची फ्रीबीएसडी तयार मिळत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? एक्सॉर्ग.कॉन्फ ही ग्राफिक्सच्या सेटिंगची फाइल बनवू नका हा सल्ला चूक, कारण तुमच्याकडच्या मार्गदर्शिकेत तीच पहिली पायरी आहे. एक्स (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा; एक्सॉर्ग हे तिचं आजचं रूप) मरणपंथाला लागलंय, शिकवायचं तर तिच्या जागी येणारं वेलँड शिकवा. शिवाय मराठी वाचकाला या सगळ्याचा काय उपयोग? आणि सगळ्यांत रागाचा मुद्दा: लेखाबरहुकूम केलं, छान चाललं, आणि फ्रीबीएसडीच्या १४.१ आवृत्तीवरून १४.२ वर गेल्याबरोबर स्क्रीन काळी.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण मेख तिथे आहे.

पडद्यावर चित्र आणण्याचं मूळ काम आता एक्स करतच नाही. रिझोल्यूशन ठरवणं, ग्राफिक्स चिपशी बोलणं हे सगळं कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, चालतं. इंटेलसाठी आय९१५केएमएस, एएमडीच्या अलीकडच्या चिपसाठी एएमडीजीपीयू, जुन्यांसाठी रेडिऑनकेएमएस, अशी मॉड्यूल्स, म्हणजे कर्नलला जोडायचे ड्रायव्हर, आहेत. (एनव्हिडियाचा संसार वेगळा, तो इथे काढत नाही.) ही मॉड्यूल्स मुळात लिनक्सची. लिनक्सकेपीआय नावाचा एक दुभाषी थर मध्ये घालून ती फ्रीबीएसडीत चालवली जातात. ती ज्यात येतात त्या डीआरएम-६१-केमॉड या पॅकेजच्या नावातला ६१ म्हणजे लिनक्स ६.१ (आणि डीआरएम म्हणजे ग्राफिक्स चिप सांभाळणारा कर्नलचा भाग). तुमची चिप लिनक्स ६.१ ला ओळखू येत नसेल, तर हे पॅकेजही तिला ओळखणार नाही. नवा कोरा लॅपटॉप घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.

आता गोम अशी की कर्नल येतो बेस सिस्टिममधून, म्हणजे फ्रीबीएसडीच्या मूळ संचातून, फ्रीबीएसडी-अपडेट या आज्ञेनं. आणि हे मॉड्यूल येतं पॅकेजांच्या भांडारातून. १४ च्या शाखेसाठीची पॅकेजेस नेहमी त्या शाखेतल्या सगळ्यांत जुन्या, पण अजून आधार असलेल्या आवृत्तीवर बांधली जातात. १४.२ आली डिसेंबर २०२४ मध्ये आणि १४.१ चा आधार मार्च २०२५ अखेरपर्यंत होता. म्हणजे मधले महिने नेहमीच्या भांडारातलं ग्राफिक्स मॉड्यूल १४.१ च्या कर्नलसाठी बांधलेलं. फायरफॉक्सला किंवा लिब्रेऑफिसला याचं सोयरसुतक नसतं, शाखा तीच असली की झालं. कर्नल मॉड्यूलचं तसं नाही. लिनक्सकेपीआयचा बराच भाग कर्नलच्याच पोटात आहे, आणि तिथली रचना एका आवृत्तीतून दुसरीत जाताना हलते. मग मॉड्यूल चढत नाही, किंवा चढताना कर्नललाच घेऊन पडतं.

हा त्रास जुना होता, म्हणूनच १४.२ पासून कर्नल मॉड्यूल्ससाठी फ्रीबीएसडी-केमॉड्स हे वेगळं भांडार आलं. तिथे प्रत्येक उपआवृत्तीसाठी मॉड्यूल वेगळं बांधलेलं असतं. अपग्रेड करताना इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या जुन्या-नव्या फाइली मर्ज करायचा प्रश्न येतो, तेव्हा पॅकेज भांडारांची जुनीच फाइल ठेवली गेली असेल, तर हे नवं भांडार तुमच्या यादीत येणारच नाही. पीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या आज्ञेला दोन व्ही लावून चालवा आणि ते नाव दिसतं का पाहा. दिसत असेल, तर डीआरएमचं पॅकेज सक्तीनं पुन्हा बसवा. या भांडारातल्या पॅकेजच्या आवृत्तीतच १४०२००० असा आकडा असतो, तो १४.२ चा. डोळ्यांनी खात्री करता येते.

पण मशीन चालूच होत नसेल तर? मॉड्यूलचं नाव लोडर.कॉन्फ या कर्नलच्याही आधी वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये घालू नका, त्यानंतर वाचल्या जाणाऱ्या आरसी.कॉन्फमधल्या केएलडी-लिस्ट या यादीत घाला, असं मी लेखात ठासून सांगितलं होतं आणि तुम्हाला तो पंतोजीपणा वाटला, त्याचं कारण हेच. आरसी.कॉन्फमधली यादी सिंगल यूजर मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या किमान अवस्थेत, वाचली जात नाही. बूट मेनूतून त्या मोडमध्ये जा, रूट फाइलसिस्टिमवर लिहिता येईल असं करा, ती ओळ काढा, रीबूट करा. साधा कन्सोल मिळेल आणि तिथून पुढची दुरुस्ती निवांत करता येईल. झेडएफएस या फाइलसिस्टिमवर असाल तर आणखी सोपं आहे. फ्रीबीएसडी-अपडेट बदल करण्यापूर्वी बूट एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे आधीच्या सिस्टिमची बूट करता येणारी प्रत, आपणहून करून ठेवतं. बूट मेनूतून जुनं निवडलं की तुम्ही पुन्हा १४.१ वर.

आता त्या एक्सॉर्ग.कॉन्फबद्दल. तुमची मार्गदर्शिका खोटी नाही, जुनी आहे. एक्सफ्री८६ या एक्सॉर्गच्या पूर्वसुरीच्या काळात मॉनिटरची आडवी-उभी सिंक वारंवारता हातानं भरावी लागे, आणि चुकीचा आकडा भरला तर सीआरटी मॉनिटरला इजा होऊ शकते अशी ताकीदही असे. २००४ मध्ये परवान्याच्या वादातून मंडळी एक्सॉर्गकडे वळली. २००९ मध्ये लिनक्सनं इंटेलसाठी हे काम कर्नलमध्ये नेलं आणि २०१२ अखेरच्या ९.१ मध्ये ते फ्रीबीएसडीतही आलं. आता मॉनिटर स्वतःच आपली कुंडली केबलवरून सांगतो आणि एक्सचा मोडसेटिंग ड्रायव्हर ती वाचून घेतो. कर्नलचं मॉड्यूल चढलेलं नसताना ती फाइल कितीही घोटून लिहा, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उलट जुन्या पद्धतीनं कॉन्फिगर करायला गेलं, की सापडलेली उपकरणं आणि तयार केलेले स्क्रीन यांची संख्या जुळत नाही अशी तक्रार करून एक्स मोकळा होतो, आणि नवखा माणूस दिवसभर त्या संदेशाचा अर्थ लावत बसतो. फाइल लागतेच, पण छोट्या कामासाठी. टचपॅडवर टिचकी मारून क्लिक व्हावं यासाठी, कारण लिबइनपुट या माउस-टचपॅड सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमध्ये ते मुळात बंद असतं. किंवा कीबोर्डच्या दोन मांडण्या ठेवण्यासाठी. अशा चार-पाच ओळींच्या फाइली यूएसआर-लोकलखालच्या एक्सॉर्ग.कॉन्फ.डी फोल्डरमध्ये ठेवायच्या.

स्टार्टएक्सवर तुमचा फार रोष दिसतो. लेखाच्या शेवटी एसडीडीएम हा लॉगिनचा प्रोग्रॅम लावायला सांगितलंच आहे, पण शेवटी, आणि ते मुद्दाम. लॉगिनची ग्राफिकल खिडकी पहिल्या दिवशीच चालू केली आणि ड्रायव्हर बिघडलेला असला, तर स्क्रीन नुसती लुकलुकते आणि चूक काय ते वाचायलाही मिळत नाही. स्टार्टएक्स फसलं तर तुम्ही होता तिथे, कन्सोलवर परत येता आणि संदेश समोर असतो. ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या व्हिडिओ गटात आपलं नाव घालायचं राहून गेलं असेल, तर तेही इथेच उघडकीला येतं: रूटनं चालवलं की झकास, आपल्या नावानं चालवलं की सगळं रडतखडत.

घोस्टबीएसडी उत्तम आहे. माटे डेस्कटॉप तयार मिळतो, ज्याला नुसतं वापरायचं आहे त्यानं खुशाल घ्यावं. फक्त त्याच्याही तळाशी हीच डीआरएमची मॉड्यूल्स आहेत.

वेलँडचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याला लेखात विरोधही नव्हता. रेड हॅटनं आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या १० व्या आवृत्तीतून एक्सॉर्ग सर्व्हर काढून टाकला, तेव्हा वारं कुठे वाहतंय ते उघड आहे. फ्रीबीएसडीवर स्वे किंवा वेफायर हे वेलँडचे कंपोझिटर, म्हणजे खिडक्या रचणारे प्रोग्रॅम, चालतात. सीटडी ही ग्राफिक्स-कीबोर्डचा ताबा देणारी सेवा सुरू करायची, एक्सडीजी-रनटाइम-डिर हा तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरचा पत्ता नीट ठरवायचा, झालं. पण तुमची काळी स्क्रीन वेलँडनं उजळली नसती. कर्नलचा ड्रायव्हर रुसला, तरी यूईएफआय फर्मवेअरच्या मशीनवर एक्स निदान एससीएफबी हा साधा ड्रायव्हर घेऊन, फर्मवेअरनं दिलेल्या एकाच रिझोल्यूशनवर, उभं राहतं. वेलँडच्या या कंपोझिटरांना केएमएस, म्हणजे कर्नलनंच रिझोल्यूशन ठरवणं, लागतंच, नसेल तर ते सुरूच होत नाहीत. नवख्या माणसाला पहिल्यांदा एक्स दाखवण्याचं माझं हे एक कारण.

मराठीच्या उपयोगाचं म्हणाल, तर नुसत्या एक्सॉर्गनंतर ब्राउझर उघडून मराठी बातमी वाचायला गेलात, की अक्षरांऐवजी चौकोन दिसू शकतात. नोटो किंवा लोहित या फॉन्टांचं देवनागरीचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. एक्सटर्म या एक्सच्या जुन्या टर्मिनलवर विसंबू नका, त्याला जोडाक्षरं नीट जुळवता येत नाहीत. टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट आहे, आणि उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी मराठी कागप मांडणीही एक्सच्या कीबोर्ड यंत्रणेत, एक्सकेबीमध्ये, आहे. यावर लिहिणारे आपल्याकडे थोडेच आहेत, म्हणून तर लिहितो.

आता तुमच्या मशीनकडे. तीन गोष्टी पाठवा: पीसीआयकॉन्फ या हार्डवेअरची यादी देणाऱ्या आज्ञेतल्या व्हीजीएपीसीआय (ग्राफिक्स चिप) नोंदीखालच्या ओळी, डीमेसेज या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आज्ञेतली डीआरएमबद्दलची आणि ‘व्हर्जन मिसमॅच’ असं काही असेल तर ती ओळ, आणि एक्सॉर्ग.०.लॉग या फाइलमधल्या ईई अशी चुकीची खूण असलेल्या ओळी. पहिल्या दोन आल्या तरी बहुतेक उलगडा होईल. तोवर मशीन जुन्या बूट एन्व्हायर्न्मेंटवरच राहू द्या आणि पीकेजी अपग्रेड चालवू नका.