जाहिराती आमच्याकडेही आहेत

दिवाळी अंक निघाले की घरच्या ग्रुपवर तेच रडगाणं: मजकूर कमी, जाहिराती फार, इंग्लंडात बघा, मासिकं कशी स्वच्छ! आम्ही इथे इंग्लंडातच राहतो, म्हणून विचारतो, पियानोचं एखादं मासिक कुणी उघडून पाहिलंय का?

जुनं उदाहरण घ्या: अमेरिकेतलं ‘द एट्यूड’ हे संगीताचं मासिक 1883 पासून 1957 पर्यंत चाललं. संस्थापक थिओडोर प्रेसर स्वतःच स्वरलिपी छापून विकणारा. स्वच्छतेची गोष्ट तिथेच संपते.

आजच्या जाहिराती खोटं बोलत नाहीत, पण शब्द मोजून वापरतात. रिटम्युलर हे पियानोचं नाव 1795 सालचं, जर्मनीतल्या गटिंगेनचं. त्या नावाचा आजचा पियानो ग्वांगझूच्या पर्ल रिव्हर कंपनीचा. वाईट नसतो, पण ठळक छापतात ते 1795. ‘सॉलिड स्प्रूस’ म्हणजे स्प्रूसच्या भरीव लाकडाचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी फळी. ‘ऑल स्प्रूस’ म्हटलं की स्प्रूसचेच थर चिकटवलेलाही असू शकतो. (तो तडकतो कमी. कोकणच्या पावसाळ्यात मी तोच घेईन.)

खरी गंमत वापरलेल्या पियानोंच्या छोट्या जाहिरातींत. ‘ओव्हरस्ट्रंग, अंडरडॅम्प्ड’ (तारा एकमेकींवरून तिरप्या, सूर थांबवणारे डॅम्पर हातोड्यांच्या खाली) हे दोन शब्द नसतील तर जुना ‘बर्डकेज’ पियानो निघण्याची शक्यता धरा. त्यात डॅम्पर हातोड्यांच्या वर, तारेच्या टोकाकडे टेकतात, म्हणून बोट उचललं तरी सूर रेंगाळतो. शिवाय ट्यूनरला डॅम्परच्या तारांच्या जाळीतून हात घालावा लागतो. ‘फक्त ट्यूनिंग हवं’ हे तर सगळ्यांत महाग वाक्य. पियानो अर्धा स्वर उतरलेला असेल तर सुमारे 230 तारांचा ताण वाढवायचा. शेवटची तार चढेपर्यंत पहिल्या पुन्हा उतरलेल्या असतात. दोन-तीन फेऱ्या होतात, गंजलेल्या तारा तुटतात. खोली तापवणाऱ्या रेडिएटरशेजारी वर्षानुवर्षं वाळलेल्या पियानोत तारा ताणून धरणाऱ्या खुंट्याच सैल झालेल्या असतील तर लावलेला सूर टिकतच नाही. ‘फुकट, फक्त घेऊन जा’ असं का लिहितात, ते तेव्हा कळतं.

त्यापुढे आपली उटण्याची जाहिरात साधीभोळी. ती उटणंच विकते. तिच्यावरून नाकं मुरडायची आणि वर दाखला आमचा द्यायचा, याचा राग येतो.

राग एवढा का, तेही सांगून टाकतो. पोस्टानं आलेला दिवाळी अंक मी मागून उघडतो. पतपेढी, सराफ, चकलीची भाजणी. पत्ता ‘मारुती मंदिराजवळ, रत्नागिरी’ एवढाच असतो, तरी दुकानाची पायरीसुद्धा दिसते. इथल्या पोस्टकोडवरून पोस्टमनला घर सापडतं, मला काहीच दिसत नाही.